खालचे चाळीस

मिठाच्या बरणीला पाणी सुटलं की समजावं, आषाढ घरात मुरला. काडेपेटीची काडी तीनदा ओढली तरी नुसती घासते. पापड मोडत नाही, वाकतो. कडीकोयंड्याला गंजाचा वास येतो. आणि रांगोळीच्या डब्यात चिमूट घालावी तर पूड सुटत नाही, ओला गोळा होऊन बोटांना धरून बसते. परवा सकाळी तसा गोळा हातात आला आणि मी उंबऱ्यावर तशीच बसून राहिले. कळंब्याच्या तलावाकडून येणारा वारा आमच्या गल्लीत शिरला की पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. शेजारच्या ताई पागोळीखाली घागर लावत होत्या. म्हणाल्या, "काय वो, बरं वाटंना व्हय?" मी नुसती मान हलवली. मला ओली वाळू आठवली होती.

दर वर्षी आठवते. दुःख जुनं झालं की त्याच्या कडा झिजतात म्हणतात. लाजेचं तसं नाही. ती उन्हाळ्यात कुठं तरी कोरडी पडून असते आणि या दिवसांत पुन्हा ओल धरते.

उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मी नऊ वर्षं वाळूचे कोर केले. लोखंडाच्या ज्या वस्तूत आतून पोकळी हवी असते, तिच्या साच्यात त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा कोर ठेवतात. भोवतीनं वितळलेलं लोखंड ओततात. लोखंड निवलं की आतली वाळू फोडून काढतात, आणि राहते ती पोकळी. म्हणजे आम्ही बायका दिवसभर जे घडवायचो ते मोडण्यासाठीच असायचं. फक्त ते वेळेआधी मोडता कामा नये. लाकडी पेटीत वाळू दाबून भरायची, नळीनं गॅस सोडायचा, वाळू दगडासारखी घट्ट होते. मग पेटी उघडून कोर अलगद बाहेर. उन्हाळ्यात हे सगळं बरं चालतं. पावसाळ्यात हवेतली ओल कोर पितो. वरून धड दिसतो, आणि उचलायला जावं तर कोपरा हातात येतो.

आम्ही पाचजणी होतो. मला हे काम शकीलाआक्कानं शिकवलं. ती जवाहरनगरातून चालत यायची. अंगानं थोराड, आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. कोर करताना तिच्या हाताकडे बघत राहावं असं वाटायचं. वाळू मूठभर घ्यायची, पेटीत सोडायची, अंगठ्यानं कोपरे दाबायची आणि लाकडी ठोकळ्यानं वरून तीन ठोके. तीनच.

"चौथा मारू नगंस सुमे," ती मला पहिल्या दिवशी म्हणाली होती. "चौथ्याला कोर रुसतोय. नवऱ्यागत हाय त्ये. लई ठोकायचं न्हाय, लई लाडबी करायचं न्हाय."

बाकीच्या तिघी हसल्या. मी मान खाली घातली. मला माणसांत बोलता येत नाही. शाळेत चौथीपर्यंत होते, तेव्हाही उत्तर येत असून हात वर करायचा राहून जायचा. शकीलाआक्काला ते पहिल्या आठवड्यातच कळलं. मला काही हवं असलं की ती माझ्या तोंडाकडे बघून ओळखायची आणि माझ्या वतीनं ओरडायची, "अहो, सुमीच्या नळीत गॅस येईना की! झोपलायसा व्हय सगळी?"

शेडमध्ये पाच जागा होत्या. चार आत, भट्टीच्या उबेला. पाचवी शटरजवळ. उन्हाळ्यात त्या पाचव्या जागेवर सगळ्यांचा डोळा असायचा, वारा लागायचा म्हणून. पावसाळ्यात तिथं झड आत यायची, वाळूचा ढीगच ओला व्हायचा. जागा पाळीपाळीनं बदलायच्या असा आमचा आमच्यात ठरलेला रिवाज. ज्या पावसाळ्याची गोष्ट मी लिहिते आहे, त्या आषाढात शटरजवळची पाळी माझी होती. मला खोकला झाला होता. शकीलाआक्कानं माझी पिशवी उचलली, आपल्या जागेवर ठेवली आणि माझ्या जागेवर जाऊन बसली.

"तू आत बस. खोकून खोकून कोर फोडशील. मला काय हुतंय? म्हशीवर पाऊस."

एवढंच. त्याची कुठं नोंद झाली नाही. कुणाच्या वहीत तसा रकाना नव्हता.

ते साल अठ्ठ्याण्णव असावं. मोठ्या कंपन्यांचा माल करायचा तर सगळं भिंतीवर दिसलं पाहिजे, अशी तेव्हा टूम निघाली होती. आमच्याकडे देसाई साहेब म्हणून नवे आले. वयानं लहान, बोलायला मऊ. कुणाचे किती कोर तुटले हे रोज संध्याकाळी त्यांच्या वहीत लिहिलं जायचं. आडव्या-उभ्या रेघा, आमची पाच नावं, वारांचे सहा रकाने, शेवटी बेरीज. ती वही शेडच्या खुंटीला टांगलेली असायची. कुणी बघायचं नाही. आकड्यांच्या रांगा म्हणजे बंद दारांची चाळ. आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही, आणि दार वाजवायला कुणाला वेळ नसतो.

एका शनिवारी साहेब म्हणाले, "आपण याचा आलेख करायचा. बोर्डावर. येणाऱ्या-जाणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे. तुमच्यात चित्र कुणाला काढता येतं?"

मालन नावाची एक आमच्यात होती, जिभेनं तिखट. ती म्हणाली, "ही सुमी. हिच्या रांगोळीवरनं कुत्रंसुदीक पाय दीत न्हाय, बाजूनं जातंय."

शकीलाआक्का म्हणाली, "द्या की तिला! बोलत न्हाय म्हणून काय झालं, हातानं बोलती ती."

साहेबांनी मला फळी दाखवली. काळ्या रंगाची, माझ्या कमरेएवढी उंच. समजावून सांगितलं : खाली एक आडवी रेघ, डाव्या बाजूला एक उभी. प्रत्येकीची एक पट्टी. जितके कोर तुटले तितकी पट्टी उंच. सगळ्यात उंच असेल तिला लाल रंग. "जमेल ना?" मी मान हलवली.

रांगोळीचे ठिपके सरळ पडावेत म्हणून आम्ही कागदाला उदबत्तीनं भोकं पाडून ठेवतो. कागद जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, कागद उचलला की ठिपक्यांच्या रांगा तयार. माझा असा कागद होता, आईनं पाडलेल्या भोकांचा, दोन ठिपक्यांत एक इंच. सोमवारी मी तोच घेऊन गेले. वहीतल्या बेरजा पाहिल्या. केलेले कोर सगळ्यांचे जवळपास सारखेच होते. तुटलेले असे : शकीलाआक्का एक्कावन्न, मालन सेहेचाळीस, दुसऱ्या दोघी पंचेचाळीस आणि चव्वेचाळीस, मी बेचाळीस. एक कोर, एक ठिपका.

कागद फळीला लावून बघितला तर गणित जमेना. एक्कावन्न ठिपके टाकायचे तर फळी माझ्या खांद्यापर्यंत हवी होती. ती होती कमरेएवढी.

आता विचार करते तेव्हा वाटतं, या घटकेला दोन वाटा होत्या. ठिपके जवळ जवळ टाकायचे, म्हणजे नवा कागद. किंवा साहेबांना म्हणायचं, वर अजून एक फळी जोडून द्या. कारखान्यात फळ्यांना काय तोटा? सुतार दहा पावलांवर बसलेला होता. पण म्हणायचं म्हणजे तोंड उघडायचं. शकीलाआक्का शटरजवळ होती, पावसाच्या आवाजात. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, आणि मी तिला हाक मारली नाही.

मी फळीकडे बघत राहिले आणि मला सुचलं. चाळीस तर सगळ्यांचेच तुटलेत. कुणाच्याही पट्टीत पहिले चाळीस ठिपके सारखेच येणार. मग जे सगळ्यांचं सारखं आहे ते काढायचंच कशाला? खालच्या रेघेला मी चाळीस म्हटलं आणि तिथून वर मोजायला लागले. शकीलाआक्काचे अकरा ठिपके. मालनचे सहा. मग पाच, चार. माझे दोन. आता फळी पुरली. वर जागाही उरली, तिथं मी वेल काढली.

कडेला खाली चाळीस असा आकडा मी लिहिला होता. खोटं काही लिहिलं नव्हतं. तो आकडा लहान होता एवढंच, आणि खडूच्या आकड्यापेक्षा रंगीत पट्टी मोठ्यानं बोलते.

माझी मुलगी वैशाली आता एका ऑफिसात कॉम्प्युटरवर असते. गेल्या वर्षी एकदा तिथं डबा द्यायला गेले तर म्हणाली, "थांब आई, गंमत दाखवते." पडद्यावर रंगीत गोल होते, स्कूटरच्या काट्यासारखे काटे होते, पट्ट्या होत्या. त्याला डॅशबोर्ड म्हणतात म्हणे. साहेब लोक सकाळी आल्या आल्या तो बघतात आणि कुणाला काय विचारायचं ते ठरवतात. कोण किती वेळेवर येतं त्याच्या पट्ट्यांत एक बाकीच्यांपेक्षा कितीतरी ठेंगणी होती. मी वाकून खाली बघितलं.

"ह्याचा पाय कुठाय?"

"पाय?"

"पट्टी शून्यावर उभी हाय का मधनंच सुरू केलीय?"

वैशालीनं चष्मा वर केला. बघितलं. म्हणाली, "नव्वदपासून आहे. ते कॉम्प्युटर आपोआपच करतं गं, जागा वाचवायला."

"त्येलाबी फळी पुरंना व्हय," मी म्हटलं. तिला ते कळलं नाही. तिनं विचारलं, "ती ठेंगणी पट्टी कुणाची आहे माहितीय का? एक बाई आहेत आमच्याकडे, रोज चंदगडच्या कडेच्या गावातून एसटीनं येतात." मी म्हटलं, "मग त्येबी लिव्ह की तिथं, एसटीनं येत्यात म्हणून." ती हसली. मला हसू आलं नाही.

पेपरात राधानगरी धरणाच्या पाण्याच्या पट्ट्या येतात, दहावीच्या निकालाच्या येतात. मी आधी खाली बघते. लोक पट्टीचं डोकं बघतात, कोण वर गेलं, कोण खाली राहिलं. मला पाय बघायची खोड लागली आहे. पट्टी जमिनीवर उभी असेल तर तिच्याशी बोलावं. कमरेतून कापलेली असेल तर आधी विचारावं, बाई, तुझं खालचं कुणी नेलं?

त्या सोमवारी फळी भिंतीला लागली तेव्हा देसाई साहेब म्हणाले, "वा! सुमनबाई, एका नजरेत कळतं!" त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्याबरोबर शेडमधल्या गड्यांनी वाजवल्या. माझ्यासाठी त्याआधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. कानाच्या पाळ्या गरम झालेल्या मला आठवतात. शकीलाआक्का शटरजवळून ओला पदर पिळत आली, कमरेवर हात ठेवून बोर्डासमोर उभी राहिली.

"आत्ता गं बया! मी तर नारळाचं झाड झाले की! आन् सुमे, तू काय, मेथीची जुडी?"

सगळे हसले. तीही हसली. पण हसून झाल्यावर ती तिथंच थोडा वेळ उभी राहिली. आकडा बघायला नाही, ती शाळेत गेलेलीच नव्हती. ती लाल पट्टी बघत होती. मग जागेवर जाऊन तिनं वाळूची मूठ घेतली, आणि मी पाहिलं, तिनं चार ठोके मारले.

त्याच आठवड्यात माल घेणाऱ्या कंपनीची दोन माणसं पुण्याहून आली. बोर्डासमोर थांबली. वही खुंटीला होती, तिच्याकडे कुणी वळलं नाही. एकानं लाल पट्टीवर बोट ठेवलं आणि मालकांना विचारलं, "ये कौन है?" मालकांनी शटरकडे बघितलं. त्यांच्याबरोबर सगळ्यांनी बघितलं. शकीलाआक्का वाकून काम करत होती. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईची पाठ मी तेव्हा पहिल्यांदाच लहान झालेली पाहिली.

रविवारी पावसानं जरा उघडीप दिली. आमच्या पडवीत मी जमीन सारवली. उगीच, हाताला चाळा म्हणून, तोच भोकांचा कागद घेतला आणि त्या पाच पट्ट्या पुन्हा काढायला बसले. पडवी लांब होती, जागेची अडचण नव्हती. अगदी पहिल्या ठिपक्यापासून काढल्या. एक्कावन्न, सेहेचाळीस, पंचेचाळीस, चव्वेचाळीस, बेचाळीस. उठून उभी राहिले आणि बघितलं. पाच बहिणी शेजारी शेजारी निजाव्यात तशा त्या पट्ट्या. हाताची पाच बोटं सारखी नसतात म्हणतात. त्या पट्ट्यांत बोटांएवढासुद्धा फरक नव्हता. आणि जो होता तेवढा पाऊस होता. शटरमधून आत येणारा, माझ्या पाळीचा पाऊस.

मला सगळं कळलं. इथं मी स्वतःशी खोटं बोलत नाही. त्या रविवारी, सारवलेल्या पडवीत, मला सगळं कळलं. मी पायानं रांगोळी पुसली.

सोमवारी सांगायचं ठरवून गेले. बसमध्ये वाक्य पाठ केलं : साहेब, फळी पुरत नव्हती म्हणून मी खालचं काढलं नाही, आणि ती जागा माझी आहे. दोनच गोष्टी. शेडमध्ये पाऊल टाकलं तर देसाई साहेब चार माणसांना बोर्ड दाखवत होते. "या, सुमनबाई या. मालकांनी सांगितलंय, दुसऱ्या शेडचाही बोर्ड तुम्हीच करायचा. असाच. फरक कसा ठळक दिसला पाहिजे." आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कौतुकानं. पाठ केलेलं वाक्य ओल्या रांगोळीसारखं गोळा होऊन राहिलं, सुटलं नाही. मी वहीतले नवे आकडे घेतले आणि नव्या पट्ट्या काढल्या. पुन्हा चाळीसपासून. चार ठोक्यांमुळं की ओलीमुळं, या वेळी शकीलाआक्काचे अठ्ठावन्न होते. अठरा ठिपके. तिची पट्टी माझ्या वेलीतून आरपार वर गेली.

पहिल्या सोमवारचा दोष मी फळीवर ढकलू शकते. दुसऱ्याचा नाही. तिसऱ्याचाही नाही.

श्रावण लागला तसं तिला कोरवरून काढलं आणि मागच्या अंगणात वाळू चाळायला बसवलं. पत्र्याखाली, धुळीत. शटरजवळच्या जागेवर दुसरीला बसवलं. तिचेही पन्नासच्या वर गेले, पण तोवर बोर्डावर लाल पट्टी म्हणजे शकीला हे लोकांच्या डोक्यात बसलं होतं. नवीला कुणी काही म्हटलं नाही. पाऊस आहे, होतंय, म्हणाले.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आक्का दर वर्षी डब्यातून वाटलेली मेंदी आणायची. आम्ही चौघी हिंदू, ती मुसलमान, पण पंचमीची मेंदी तिच्या हातची असा नेम. जेवणाच्या सुट्टीत आमचे हात रांगेनं पुढं व्हायचे, ती काडीनं नक्षी काढायची आणि शिव्या द्यायची, "हलू नगंस, नागाचं शेपूट वाकडं हुतंय." त्या वर्षी तिनं डबा आणला नाही. मालननं मागच्या अंगणात जाऊन विचारलं. ती म्हणाली, "हात बिघाडलाय माझा. दुसऱ्या कुणाकडनं घ्या." मालन परत येऊन म्हणाली, "रुसलीया म्हातारी." मी माझे दोन्ही हात पदराखाली घेतले. गणपती बसायच्या आत ती काम सोडून गेली. मला सांगून गेली नाही, आणि मीही तिच्या घराकडे फिरकले नाही. खोकला तोवर बरा झाला होता.

मग फाउंड्री बदलली, दिवस गेले. गेल्या उन्हाळ्यात लक्ष्मीपुरीच्या बाजारात कुणी तरी मागून माझा खांदा दाबला. शकीलाआक्का. केस पांढरे, आवाज अर्धा. मला वाटलं आता ती विचारणार. तिनं विचारलं, "खोकला हाय का गेला?" मी म्हटलं, गेला. कांदे निवडता निवडता म्हणाली, "नातीचं लगीन ठरलंय. समदी म्हणत्यात, नानी, तू मेंदी काढ. मी न्हाय म्हणलं. आपला हात खराब हाय, आपल्याला म्हाईत हाय. बोर्डावर समद्या गावानं बघितलंय की." आणि ती हसली, जुन्या गमतीला हसावं तशी. "सुमे, मी आधी स्वतःला लई शानी समजत हुते गं. बरं झालं, कळलं ते."

मी कांद्याचे पैसे न देताच निघाले होते. भाजीवाल्यानं हाक मारली तेव्हा परत फिरले. आक्का गर्दीत गेलेली होती.

तिनं माझ्यावर राग धरला असता तर मी तो वागवला असता. तिनं माझ्या चित्रावर विश्वास ठेवला. आकडा वाचता न येणाऱ्या बाईनं स्वतःच्या तीस वर्षांच्या हातापेक्षा माझ्या अकरा ठिपक्यांना खरं मानलं. चित्र काढणाऱ्याच्या हातात केवढं काय असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी मी टाळ्यांकडेच बघितलं असतं, असं मला अजून वाटतं. लिहायला लाज वाटते, पण तेच खरं आहे.

परवा रांगोळीचा तो ओला गोळा हातात आला तेव्हा मी उठले. कोपऱ्यावरच्या दुकानातून लहान मुलांची चौकटीची वही आणली. एक चौकट, एक कोर. एका पानावर एक्कावन्न मावेनात. दुसरं पान जोडलं, तरी कमी पडलं. तिसरं जोडलं. भाताची शितं चुरून चिकटवली, वर पाटा ठेवला. दहा वर्षांपूर्वी जे तोंड उघडून मागता आलं नाही ते इतकं सोपं होतं : अजून एक पान. मग पाच पट्ट्या काढल्या, पायापासून. लाल रंग कुणालाच दिला नाही. नावंही घातली नाहीत, तिला वाचता येत नाहीत.

काल दुपारी जवाहरनगरात गेले. तिच्या दारात पायपुसणं म्हणून पोतं टाकलेलं. ती आत भिंतीला टेकून सुपात तांदूळ निवडत होती.

"आत्ता गं! सुमे! वाट चुकलीस व्हय?"

मी कागद पुढं केला. लांबलचक कागद तिनं मांडीवर उलगडला, अर्धा जमिनीवर लोळला.

"काय हाय ह्ये? कुंडली कुणाची?"

"आपल्या पाचजणींचे कोर हायत आक्का. त्या आषाढातल्या पहिल्या बोर्डाचे. तुटलेले."

तिनं कागद लांब धरला. डोळे बारीक केले. या पट्टीवरून त्या पट्टीवर, परत इकडं. बराच वेळ. बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं.

"ह्यात मी कंची गं?"

मी बोट ठेवलं. तिनं माझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं, मग शेजारच्या पट्टीच्या डोक्यावर ठेवलं.

"आन् ही?"

"मालन."

"ही बुटकी?"

"मी. तुझ्या जागंवर बसले हुते. तू माझ्या."

तिनं दोन बोटांच्या चिमटीत मधलं अंतर धरलं आणि चिमूट डोळ्यांजवळ नेऊन बघितली. "एवढंच?" म्हणाली. मग ती पट्टीच्या पायाशी गेली आणि तिथून एकेक चौकट मोजत वर यायला लागली. मोठ्यानं, एक, दोन, तीन. तिला मोजायला येतं, पेट्या मोजायची सवय. मला वाटलं मध्येच थांबेल. थांबली नाही. तीस झाले, पस्तीस झाले. पानांचा सांधा आला तिथं बोट अडखळलं, पुढं गेलं. चाळीसला मी म्हणाले, "आक्का, हितनं."

"हितनं काय?"

"बोर्डावर मी हितनं वरचं काढलं हुतं. खालचं काढलंच न्हाय. फळी पुरंना."

सूप तिच्या मांडीवरून घसरलं, तांदूळ थोडे सांडले. तिनं ते गोळा केले नाहीत.

"तुला तवाच म्हाईत हुतं?"

माझ्याजवळ सांगण्यासारखं बरंच होतं. पहिल्या दिवशी नव्हतं माहीत, रविवारी कळलं, सोमवारी सांगणार होते. दहा वर्षं मी ती उत्तरं घासूनपुसून ठेवली होती.

"व्हय," मी म्हणाले.

कागदाची तीन पानं सांध्यांवर घडी घालून तिनं उशीखाली सारली. आतून सून म्हणाली, "अम्मी, चाय रखूँ?" त्यावर तिनं उशीच सारखी केली. या घरातून चहा न घेता कुणी गेलेलं मला माहीत नाही. मी उठले.

मग तिनं आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावून बघत होती, वाळू कोपऱ्यात दाबावी तसा. मी चपला घातल्या, छत्री उघडली, तरी तिनं वर बघितलं नाही.